होडीघराची किल्ली परळला

माझ्यासमोर कुणी ‘सार्वजनिक’ हा शब्द काढला की आजही माझं डोकं सणकतं. तसं माझं डोकं सणकायला फार काही लागत नाही, हे माझ्या घरचे आनंदाने सांगतील. पण या एका शब्दाचं कारण वेगळं आहे. ते ऐंशीच्या दशकातलं आहे आणि अजून मुरलेलं नाही.

मी हर्णे बंदरावरची, मासेमाराच्या घरातली. आमच्या घरात होड्याच होड्या. पोरं धड चालायला लागायच्या आधी वल्ह्याला लोंबकळायची. बी.एड. झाले आणि मंडणगडच्या बाजूला, पार आतल्या एका गावात हायस्कुलात नोकरी लागली. भूगोल शिकवायचा, वर मुलींची पी.टी. घ्यायची. समुद्र नाही, खाडी नाही, बाजारात ताजं म्हावरं नाही. पहिले सहा महिने मी नुसती धुसफुसत होते. एक तळं मात्र होतं, म्हणून जीव रमला.

ते तळं जुनं नव्हतं. सरकारने दोन डोंगरांच्या मध्ये बांध घातला, पाणी साठलं, तेच आमचं तळं. अलीकडच्या काठाला गाव, देऊळ, हायस्कूल. पलीकडच्या काठाला बौद्धवाडी. पूर्वी दोन्हीच्या मधून पायवाट होती, दहा-पंधरा मिनिटांची. ती पाण्याखाली गेली. मग वाडीतल्या माणसांनी बांधावरून वळसा घालून यायचं. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात बांधाच्या टोकाचा, जादा पाणी सोडायचा सांडवा धो धो वाहायला लागला की तो रस्ता बंद. डोंगरातून दुसऱ्या गावावरून यायचं म्हटलं तर शाळा सुटायच्या वेळेला पोरं शाळेत पोचायची. म्हणजे आषाढ-श्रावण वाडीतली पोरं घरी. मुलगे नंतर कसेतरी भरून काढायचे. मुलींना घरचे म्हणायचे, पुरे झालं आता.

बांध घालताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणे. अलीकडच्या काठाला मात्र बाग करायचं बरोबर लक्षात आलं. सिमेंटची दोन बाकडी, एक घसरगुंडी, गुरांनी खाऊन बुटक्या केलेल्या क्रोटनच्या रांगा आणि या सगळ्याहून मोठी पाटी, ‘सार्वजनिक उद्यान’.

नववीच्या वर्गात तेव्हा बौद्धवाडीतली एक मुलगी होती, जूनपासून दहावीला जाणारी. काळीसावळी, उंच, खांदे अगदी वल्ही मारायला घडवलेले. बोलायला फटकळ. भूगोलाच्या तासाला नकाशा लावला की आधी आपला गाव शोधायची आणि सापडला नाही की नकाशालाच नावं ठेवायची. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा अशीच सांडव्याने नववीत संपवली होती. तिला मुंबईला चुलत्याकडे पाठवलं, पोरं सांभाळायला, आणि तिकडूनच लग्न लावून दिलं. हिच्या आईने मला एकदा बाजारात गाठून स्पष्ट सांगितलं, “बाई, हिचं आता दहावीचं वरीस लागंल. ह्या पावसात शाळा बुडली तर तिचा बाप तिलापण मुंबईला न्हेनार. मी एकटी काय त्याला आवरायची नाय.”

मी म्हटलं, “असं कसं नेईल? होडी आणते मी.”

बोलून गेले. आणि मग हट्टालाच पेटले.

माझी कल्पना साधी होती. बागेच्या कडेला, पाण्यालगत एक शेड बांधायची. त्यात होडी ठेवायची, पुढेमागे दोन-चार. सगळ्या गावाच्या. पावसाळ्यात पलीकडची पोरं होडीने येतील-जातील, बाकीच्या दिवसांत शाळेतली सगळी मुलंमुली पोहायला आणि वल्हवायला शिकतील. हर्णेला माझा भाऊ एक होडी बदलणारच होता. जुनी पण धडधाकट. तो म्हणाला, “ने गं बाय, लाकूड अजून चांगलं आहे.”

आता आमच्याकडच्या गावांची एक तऱ्हा सांगायला हवी. गाव इथे असतो आणि गावाचा कारभार मुंबईत. निम्मे पुरुष तिकडे नोकरीला, आणि त्यांचं ग्रामविकास मंडळ. ते परळच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत बसून ठरवणार की इथल्या विहिरीला कठडा कधी बांधायचा आणि देवळाला रंग कुठला द्यायचा. शिमगा, मे महिना आणि गणपती अशी तीनदा ही मंडळी उतरणार. तोपर्यंत इथे राहणाऱ्या माणसांनी हाताची घडी घालून बसायचं. हायस्कूलही मंडळाचंच. म्हणजे माझी नोकरीही.

शिमग्याला पालखी नाचवून झाल्यावर सभा भरली, तेव्हा मी उठून उभी राहिले. एक तर बाई, त्यात परगावची, त्यात हर्णेची. मंडळाचे अध्यक्ष मुंबईत कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. गावी आले की सफारी घालून साहेब व्हायचे. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मिश्कील चेहरा करून म्हणाले, “होडी कशाला हो बाई? आमच्या तळ्यात शिंपल्यांतली कालवं काढायचा बेत आहे काय?”

सभा हसली. सगळी हसली. मी म्हटलं, “कालवं नाही काढायची साहेब, त्या काठावरच्या पोरी काढायच्या आहेत. त्या तिथेच रुतल्यात.”

हे कुणाला आवडलं नाही. पण मग कुणीतरी म्हणालं की महाबळेश्वरला असा बोट क्लब आहे, आणि अध्यक्षांचे डोळे चमकले. बोट क्लब! संगमरवरी पाटी, फीत, फोटो. मेल्यांना पोरींच्या शाळेसाठी होडी नको होती, पण बोट क्लब पाहिजे होता. ठराव झाला. नाव ठेवलं ‘सार्वजनिक नौकाविहार केंद्र’. मी म्हटलं, नाव काय पाहिजे ते ठेवा, छप्पर घाला.

काम श्रमदानाने झालं. खाणीतून चिरे आणायचे होते. अलीकडच्या गावातून चार दिवस चार माणसं आली आणि पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली. बौद्धवाडीतल्या बाया मात्र शेवटपर्यंत आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा, आणि बांधावरून रांग. मुलीची आई सगळ्यात पुढे. भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. चिरा कुणाच्या डोक्यावरून आला हे तेव्हा कुणीही विचारलं नाही. मला हे नीट आठवतंय, कारण पुढे ते मला फार उपयोगी पडलं.

होडी ट्रकमधून आली. एप्रिलभर मी पोरींना पाण्यात घातलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि ढकलायचं. आधी किंचाळ्या, मग खिदळणं. दोन्ही काठांच्या मुली होत्या. ती फटकळ मुलगी मात्र आठ दिवसांत डबा टाकून पोहायला लागली आणि पंधरवड्यात होडी अशी वळवायला लागली की हर्णेला कुणी विचारलं नसतं ही कुठली म्हणून. मी काठावरून ओरडायची, “अगं, वल्हं आडवं नको घालूस, घुसव, घुसव पाण्यात!” आणि ती तिकडून, “बाई, तुमी ओरडू नका, माझी लय चुकते!”

मे महिन्यात उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, अध्यक्ष होडीत बसून फोटो काढून उतरले. होडी आत ठेवली, भलं मोठं पितळी कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षांनी सफारीच्या खिशात टाकली. मी म्हटलं, “साहेब, किल्ली शाळेत राहू दे.” तर म्हणाले, “किल्ली जबाबदार माणसाकडे असावी बाई.” मला वाटलं, जाताना देतील कुणाकडे तरी. मी सुट्टीला हर्णेला गेले.

जूनमध्ये येऊन बघते तर किल्ली परळला! होडी तळ्याच्या काठावर, पोरी तळ्याच्या काठावर आणि किल्ली दोनशे किलोमीटरवर, हेडक्लार्कच्या खुंटीवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र लिहिलं. उत्तर आलं, चार ओळींचं, की पावसात बोटिंग धोक्याचं, गणपतीत येतोच आहोत, तेव्हा बघू. अरे, पावसातच तर पाहिजे आहे! पाऊस संपल्यावर काय होडी डोक्यावर घेऊन नाचू?

हेडमास्तरांकडे गेले. भला माणूस, पण पाठीचा कणा मंडळाकडे गहाण. म्हणाले, “कुलूप मंडळाचं आहे बाई. आपण नोकर माणसं. आणि हजेरी पुरेशी भरली नाही तर मी तरी काय करणार, मुलीला परीक्षेला बसवता येणार नाही.” हे त्यांनी चहा पीत पीत सांगितलं.

सांडवा वाहायला लागला. वाडीतली पोरं यायची थांबली. ती मुलगी मात्र थांबली नाही. एका सकाळी वर्गात शिरली ती नखशिखांत भिजलेली. गुडघा फुटून रक्त पायावरून खाली वाहत होतं. दप्तर पिळून काढावं असं झालेलं. सांडवा ओलांडताना पाय घसरला, करवंदीचं झुडूप हाताला लागलं म्हणून वाचली. हातात काटे तसेच होते. मी विचारलं, “काय गं केलंस हे?” तर म्हणाली, “बाई, आज हजेरी मांडा, मी येळेवर आले.”

मी हजेरी मांडली. मग शाळेच्या बागेतली पहार उचलली आणि चालायला लागले. वर्ग मागोमाग. हेडमास्तर ओसरीवरून “बाई, बाई” करत राहिले. तळ्यावर गेले आणि त्या पितळी कुलपाखाली पहार घालून असा जोर केला की कुलूप राहिलं जागच्या जागी आणि कडीच चिऱ्यातून उपटून आली.

दार उघडलं आणि मी बघतच राहिले. होडीत भांडी भरलेली. मंडळाची लग्नकार्याची, महाप्रसादाची भांडी. ही थोरली पातेली, परातींच्या चळती, झारे, पळ्या, वर गुंडाळलेल्या सतरंज्या. मी हर्णेला गेल्यावर कुणाच्या तरी पडवीतून उचलून इथे आणली होती, पक्की खोली आणि कुलूप मिळालं म्हणून. आणि होडी मध्ये आडवी येते म्हणून होडीतच रचली होती. होडी म्हणजे यांचं फडताळ! माझ्या बापजाद्यांनी ज्या लाकडावर पोट भरलं त्यात यांच्या पराती. मी तिथे उभी राहून ज्या शिव्या दिल्या त्या पोरींनी आयुष्यात ऐकल्या नसतील. हर्णेच्या मासळीच्या लिलावातल्या होत्या.

भांडी बाहेर काढली. पातेल्यांत उंदरांच्या लेंड्या पडल्या होत्या, एकात तर पिल्लंच घातलेली. मी म्हटलं, द्या तळ्यात फेकून. तर तीच म्हणाली, “नको बाई, आपल्यावर येल.” गुडघ्याला फडकं बांधून ती बसली आणि राख नि काथ्या घेऊन एकेक भांडं घासलं तिने. बाकीच्यांनी हात लावला, पण जास्त तिनेच. धुऊन, पुसून, शेडमध्ये फळ्यांवर पालथी घालून ठेवली. मग आम्ही होडी पाण्यात ढकलली.

त्या श्रावणात एकही दिवस वाडीतल्या मुलींची शाळा बुडली नाही. सकाळी मी बागेत जाऊन उभी राहायची. धुक्यातून आधी वल्ह्यांचा आवाज यायचा, मग प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या पोरी दिसायच्या आणि मागे ती उभ्याने वल्हं मारत. आई तिच्या कपाळावरून हात फिरवून पाठवायची म्हणे. मला तेव्हा काय वाटायचं ते लिहायला गेले तर राग पातळ होईल, म्हणून लिहीत नाही.

गणपतीला मंडळ उतरलं. दुसऱ्याच दिवशी बागेत सभा लावली. गाव बाकड्यांवर आणि सतरंज्यांवर. बौद्धवाडीतली माणसं तळ्याच्या बाजूला, खाली, ओल्या गवतावर. बोलावलं होतं त्यांना, बसायला मात्र सांगितलं नव्हतं कुणी. मी मनाशी तयारी करून गेले होते. कुलूप फोडल्याबद्दल नोकरी जाईल, तर जाऊ दे. हर्णेला मासळी विकेन.

अध्यक्ष उठले. कुलपाबद्दल अवाक्षर नाही. होडीबद्दल नाही. किल्ली परळला का होती याबद्दल तर नाहीच. त्यांनी विचारलं, “भांड्यांना हात कोणी लावला?”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “म्हणजे?”

“भांडी कोणी हाताळली? देवाच्या प्रसादाची भांडी आहेत बाई. आता आम्ही कोणी तसलं काही मानत नाही. मुंबईत आम्ही एका टेबलावर जेवतो. पण गावचं म्हटलं की देवाचं बघावं लागतं. गावात चर्चा आहे. म्हणून विचारतो.”

आणि सगळ्या सभेच्या माना खाली. माझा हेडमास्तर चप्पल बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की किल्ली हरवू नये म्हणून मुंबईला गेली नव्हती. होडीत त्या काठची माणसं बसतील म्हणून गेली होती. मी एवढी शिकलेली, आणि मला वाटत होतं की ही नुसती मंडळाची बेपर्वाई!

मी म्हटलं, “मी लावला हात. सगळ्या भांड्यांना मीच.”

“बाई खोटं सांगतायत.” मागून आवाज आला. ती उभी राहिली होती. ओला फ्रॉक, वेणी घट्ट. “मी लावला. घासली पण मीच. तुमच्या पातेल्यात उंदराची पिल्लं होती. त्यातच जेवला असता तुमी.”

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला. पण माणूस मुरलेला. आवाज खाली आणून म्हणाले, “बरं. झालं ते झालं. आम्हाला वाद नको. मंडळ नवीन भांडी घेईल. ही तुम्ही वाडीत घेऊन जा. तुमच्या कार्याला होतील. आमच्याकडून भेट समजा.”

शिमग्यापासून मी एका होडीसाठी नाक घासत होते. आणि इथे पातेल्यांसकट सगळा संसार दोन मिनिटांत फुकट! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिची आई उठली. पदर खोचला.

“भांडी नको आमाला. ऱ्हाऊ देत. होडी द्या.”

“होडीचा विषय वेगळा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “होडी सार्वजनिक आहे.”

“तिलापण हात लावला की मी,” पोरगी म्हणाली. अगदी वर्गात उत्तर द्यावं तशी. “रोज लावते. सकाळ-संध्याकाळ. मग भांडी देताव तर ती बी द्या.”

आई म्हणाली, “आनि ही खोली. हिचं चिरं आमच्या डोक्यावरनं आलं. तवा देवाचं कुनी बघितलं नाय. हीपन आमचीच झाली मग.”

“आणि तळ्यातपण मी पोहलेय,” पोरगी म्हणाली.

हसलं कुणीच नाही. अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सबंध गावात एक माणूस उठून म्हणू शकला असता की अहो, हा काय मूर्खपणा चाललाय, पोरगी बरोबर बोलतेय. एक! कुणी उठलं नाही. शेवटी अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले की आरतीची वेळ झाली, आणि सभा मोडली.

दुसऱ्या सकाळी मी बागेत गेले तर होडी शेडच्या बाहेर काढून टाकलेली, वल्ही गवतात फेकलेली. शेडला नवीन कुलूप. आत नवी भांडी येणार होती. माझ्या पी.टी.चे तास काढून घेतले आणि मला पुढे कधीही बढती दिली नाही, ते असो. होडी परत मागायला कुणी आलं नाही.

गावातले लोक मला अजून म्हणतात, बाई, शेवटी झालं ना तुमच्या मनासारखं, मिळाली ना होडी? मिळाली! मिळाली ती सगळ्यांची म्हणून नाही मिळाली. विटाळलेली म्हणून टाकून दिली, तेव्हा मिळाली. तळ्याकाठच्या एका होडीवर सगळ्या गावाचा सारखा हक्क आहे एवढं एक वाक्य बोलायला ज्यांची जीभ रेटली नाही, त्यांनी आता माझं अभिनंदन करू नये. मला नको आहे.

ती दहावी झाली. तिचा बाप तिला न्यायला आला होता दिवाळीत, तर आईने त्याला होडीत घातलं आणि पोरीने त्याला तळ्याला एक फेरी मारून आणलं. तो एकटाच मुंबईला परत गेला.

पण सभेनंतरची ती सकाळ सांगायची राहिली. मी गवतातून वल्ही गोळा करत होते. ती बांधावरून आली. सांडवा ओसरला होता. हातात नारळाची करवंटी, करवंटीत कालवलेला चुना, आणि काडीला बांधलेला काथ्या. ती होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाशी, उकिडवी बसली. वर मान करून बागेच्या पाटीकडे बघायची, एक अक्षर काढायची, परत बघायची. मोठ्या वळणदार अक्षरांत तिने पाटीवरचा पहिला शब्द होडीवर उतरवून घेतला.

तेवढ्यात गावातल्या दोन मुली आल्या, एप्रिलमध्ये डबा बांधून पोहायला शिकलेल्या. जरा लांबच उभ्या राहिल्या. एकीने घाबरत विचारलं, “आम्ही बसलो तर चालेल काय गं?”

ती चुन्याचे हात फ्रॉकला पुसत म्हणाली, “वाचता येत नाय काय? बसा.”